दोरीची खाच

"मावशी, ही नळी पुसतं कोण?" टामाटीने विचारलं. विचारताना त्याने पडद्यावरची नजर काढली नाही, त्यामुळे मला आधी वाटलं, हातातलं काम करता करता हा आपलं काहीतरी बोलायचं म्हणून बोलतोय. मी म्हटलं, मर्डो पुसतो, दुसरं कोण पुसणार. तो म्हणाला, अजून दोरीनेच का? मी म्हटलं, दोरीनेच, बापाने तसं शिकवलंय, आता कोणी कितीही सांगितलं तरी तो सळई हातात धरायचा नाही. इथे टामाटी हसायला हवा होता. माझ्या नवऱ्याच्या, मर्डोच्या हट्टावर न हसणारा बंदूकवाला इन्व्हरकार्गिलमध्ये अजून जन्माला यायचाय. पण तो हसला नाही. रायफलीच्या नळीत घातलेली कॅमेऱ्याची बारीक वायर त्याने दोन बोटांत धरून हळूच फिरवली, पडद्यावरचं चित्र गरकन फिरून थांबलं, आणि मग त्याने अगदी खालच्या आवाजात विचारलं, "रोज पुसतात का?" रोज कशाला पुसेल, मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं असणार, कारण बाजूला काडतुसांचे डबे मांडणारी त्याची बायको वळून बघायला लागली.

मी टामाटीच्या दुकानात वेगळ्याच कामाला गेले होते. मला टामाटीकडून एवढंच ऐकायचं होतं की रायफलीत काही दोष नाही. ते एकदा ऐकलं की दोष माझ्यात आहे हे पक्कं झालं असतं, आणि मग मी ती विकायला सांगून मोकळी झाले असते. गेला एप्रिल उलटून जवळजवळ वर्ष होत आलं होतं, पुढचा हंगाम तोंडावर आला होता, डोंगरात नर हरणं ओरडायला लागायचे दिवस आले होते. या दिवसांत आमच्याकडे ज्याला त्याला शिकारीची खाज सुटते, दुकानात उभ्या असलेल्या माणसांच्या हाताची बोटंसुद्धा स्थिर नसतात. मी मात्र डोंगराकडे बघायचंही टाळत होते. त्याच रस्त्यावरच्या चष्मेवाल्याकडे मी दुपारची वेळ घेऊन ठेवली होती. आधी बंदूक निर्दोष ठरवायची, मग डोळे सदोष, असा माझा सरळ हिशोब होता.

आणि टामाटी तर मला पडद्यावर नळीचा आतला भाग दाखवत होता. इतकी वर्षं मी ती नळी उजेडाकडे धरून बघत आले आहे. एका टोकाला डोळा लावायचा, दुसऱ्या टोकाला खिडकी धरायची, की आत चकचकीत गोल कडी एकात एक दिसतात, पीळ हळूच वळत जातो, आणि आपण म्हणतो, स्वच्छ आहे. आतून ती अशी असेल हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. काडतूस बसतं तिथून जरा पुढे धातूला बारीक बारीक भेगा होत्या, आटलेल्या तळ्याच्या चिखलाला पडतात तशा. टामाटी म्हणाला, ही उष्णतेची झीज आहे, प्रत्येक गोळीगणिक थोडी थोडी होते, एवढ्या जुन्या थ्री-नॉट-थ्रीला एवढी असायचीच, हिचं काही नाही. पुढे काळपट काजळी, तीही थोडीच. त्याच्या पुढे तांबं असायला हवं होतं. गोळीच्या अंगावरचं तांबं जाता जाता पिळाला चिकटून राहतं, त्याचे लालसर पट्टे दिसायला हवे होते. "तांबंच नाही," टामाटी म्हणाला. "कण नाही. मी कधी इतकी स्वच्छ नळी बघितली नाही." त्याने हे कौतुकाने म्हटलं नव्हतं. मग वायर पुढे सरकत सरकत नळीच्या तोंडाशी आली आणि तिथे एका अंगाला पीळच नव्हता. कुणीतरी लोण्यात दोरा दाबून काढावा तशी खाच पडली होती, आणि ती खाच चकाकत होती. टामाटीने तिच्यावर बोट ठेवलं, म्हणजे पडद्यावर ठेवलं. दोरी नेहमी एकाच बाजूला तिरकी ओढली की असं होतं, म्हणाला. जुन्या लष्करी बंदुकांना पूर्वी व्हायचं. पण जुनी खाच काळी पडते. ही नवी आहे मावशी. वर्षाची, फार तर दीड वर्षाची. आणि नुसत्या दोरीने एवढ्यात एवढं होत नाही, दोरीला कसले तरी कठीण कण लागलेले असणार.

कण कसले ते मला त्याच क्षणी कळलं आणि मी ते बोलले नाही. आमच्या शेडमध्ये धार लावायचं चाक आहे. मर्डोने उभा जन्म मटणाच्या कारखान्यात सुरी चालवली. निवृत्त झाला तेव्हा बाकीच्यांनी घड्याळं घेतली, याने ते चाक मागून घेतलं. चाकाखालच्या जमिनीवर राखाडी भुकटी साचलेली असते, कितीही झाडा. पुसायची दोरी मात्र जमिनीवर कधी पडत नसे. ती रायफलीच्या दस्त्यात, पितळी झाकणाच्या मागे, गुंडाळी करून राहायची. तिच्या एका टोकाला पितळेचं वजन, दुसऱ्या टोकाला चिंधी अडकवायचा फासा. माझं लग्न झालं त्या वर्षी सासऱ्यांनी मला ती दाखवली होती, दुसऱ्या कुणी सुनेला दागिना दाखवावा तशी. वजन मागून आत सोडायचं, ते खुळकन पुढून बाहेर येतं, मग एका दमात सरळ ओढायची. सरळ, पोरी, सरळ, ते म्हणायचे, दोरी तोंडाला घासली तर बंदूक आंधळी होते. पहिली चिंधी काळी येते, पुढच्या निळ्या. तांब्यावर औषध लागलं की निळं उतरतं, आभाळी निळं, आणि मग फिकट होत होत पांढरी चिंधी आली की थांबायचं. शिकारीहून आल्या संध्याकाळी मर्डो शेडच्या दारात बसून हे करायचा आणि मी आत काळीज तळायला टाकायची. औषधातल्या अमोनियाचा तो डोळ्यांत जाणारा वास आणि तुपात परतलेला कांदा, या दोन्ही वासांची माझ्या डोक्यात इतकी गाठ बसली आहे की एक आला की दुसऱ्याची भूक लागते. मी त्या वासावर प्रेम केलं आहे, हे इथे सांगून टाकते. त्या माणसावर केलं तेवढंच.

आणि नियम त्याचाच होता. हंगामाच्या आधी बांधावर दोन गोळ्या झाडून नळी मळवायची. अगदी धुतलेल्या नळीतून पहिली गोळी कुठे जाईल याचा भरवसा नसतो. थोडं तांबं, थोडी काजळी अंगावर असली की बंदूक शहाण्यासारखी वागते. मळवून झाली की पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून तोंडाला वायरींना गुंडाळतात ती चिकटपट्टी लावायची, आणि पट्टी लागली की हंगाम संपेपर्यंत कुणी चिंधीला हात लावायचा नाही. नेमबाजी क्लबातल्या पोरांना तो हे इतक्यांदा ऐकवायचा की पोरं त्याच्या पाठीमागे त्याच्याच आवाजात म्हणायची, पट्टी लागली, हात काढा. टामाटी त्या पोरांतलाच. गेल्या एप्रिलमध्ये पट्टी मी लावली होती, काळी. डोंगरात गेल्यावर बघते तर लाल. मला ते दिसलं होतं. दिसलं होतं आणि मी काय म्हटलं मनाशी, की काळी निघाली असेल, याने दुसरी लावली असेल, चांगलंच केलं. बाई काय काय समजून घेते नवऱ्याचं.

टाकिटिमू डोंगराच्या पायथ्याशी ती हरणाची मादी बीच वृक्षांच्या झाडीतून बाहेर आली आणि आडवी उभी राहिली. दगड मारला असता तरी लागला असता इतकी जवळ. आम्हाला मटण हवं होतं, नराच्या शिंगांचा हव्यास आम्हा दोघांनाही कधी नव्हता. अलीकडे गोळी मी झाडायची आणि मर्डोने दुर्बीण धरायची असं ठरून गेलं होतं, त्याचे गुडघे गेले होते, माझे डोळे शाबूत होते. मी श्वास सोडला, चाप दाबला. गोळी लागल्याचा आवाज आला तोच चुकीचा होता, ओल्या गोणपाटावर काठी मारावी तसा. पोटात. ती वाकली आणि झाडीत गेली. पुढचं मला अजून झोपेत दिसतं. नेच्यांच्या पानांवर रक्त, त्यात हिरवट काहीतरी, मग नुसतंच हिरवट, मग काही नाही. मी पुढे वाकून चालत होते, मर्डो मागून. एका ओढ्यापाशी मी थांबले तर मागून त्याने विचारलं, "कशाच्या मागे चाललोय गं आपण?" मी वळून बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर अगदी साधा प्रश्न होता. मला वाटलं, माझं मन हलकं करायला थट्टा करतोय. मी हसले. मला रडू येत होतं म्हणून मी हसले, आणि तोही हसला, आणि आम्ही अंधार पडेपर्यंत शोधलं. ती सापडली नाही. परतताना गाडीत तो म्हणाला, वय झालं आपलं, आयल्सा. मी ते माझ्यासाठी आहे असं धरून चालले. वर्षभर मी सुईत दोरा ओवताना, दुकानात भाव वाचताना, रात्री समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे बघताना स्वतःच्या डोळ्यांची परीक्षा घेत राहिले, आणि प्रत्येक वेळी नापास करत राहिले.

टामाटीच्या गल्ल्यापाशी उभी राहून मी हे सगळं आठवत होते असं म्हणणं बरोबर नाही. हे आपोआप जागेवर येऊन बसत होतं, आणि मी त्याला थोपवायला बघत होते. शेडमधल्या डब्यातल्या चिंध्या. एप्रिलनंतरच्या हिवाळाभर त्या मीच नेऊन चुलीत घातल्या. डबा भरलेला, वर औषधाचा वास, आणि आत एकूण एक चिंधी पांढरी. न काळी, न निळी. पांढरी चिंधी आली की थांबायचं हे ज्याने शहराला शिकवलं तो माणूस पांढऱ्यावर पांढरी ओढत बसला होता, कारण मघाशी ओढलेली त्याच्या लक्षातच नव्हती. मी त्या चुलीत टाकताना काय म्हटलं? म्हटलं, माझा नेम चुकला म्हणून बिचारा बंदूक जास्तच जपतोय. आमची कत्रिओना डनीडिनहून रविवारी फोन करते. ती दोनदा म्हणाली, बाबा तीच गोष्ट परत सांगतात गं. मी तिला म्हटलं, तू त्यांची पोर आहेस, तुला ऐकायला काय होतं.

"हे दुरुस्त होतं," टामाटी म्हणत होता. "तोंडाकडचं इंचभर कापायचं, कड नवी करायची, की झालं. बाकी नळी झकास आहे. तासाभराचं काम. करू?" मी मान डोलावली. त्याने वायर काढून गुंडाळली, गुंडाळताना म्हणाला, मर्डोकाकांशी मी बोलू का? मी नको म्हटलं. मग त्याने माझ्याकडे न बघता विचारलं की बंदुकांच्या कपाटाची किल्ली अजून काकांकडेच असते का. मी म्हटलं, दोन आहेत, एक माझ्याकडे. हे त्याच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं हे आम्हा दोघांनाही कळलं.

तासाभरासाठी मी चष्मेवाल्याकडे गेले. वेळ घेतलेली होती आणि पाय तिकडे वळले, एवढंच. तिथल्या मुलीने माझी हनुवटी एका थंड कपात ठेवली, एक डोळा झाकला, समोर अक्षरं लावली. मी वाचत गेले. ती बारीक करत गेली, मी वाचत गेले. शेवटच्या ओळीपाशी आल्यावर माझ्या मनात आलं की चुकावं. मुद्दाम चुकावं, म्हणजे ही म्हणेल, बाई, डोळे गेले तुमचे, आणि मग ती खाच, त्या चिंध्या, ओढ्यापाशीचा तो प्रश्न, सगळं आपापल्या जागी परत जाईल. माझे डोळे खराब असते तर किती बरं झालं असतं. मी देवाकडे फार काही मागितलेलं नाही, पण त्या काळोख्या खोलीत मी मोतीबिंदू मागितला. मुलगी आनंदाने म्हणाली, तुमच्या वयाला इतकी लख्ख नजर क्वचित बघायला मिळते. मी तिला धन्यवाद दिले. बाहेर दक्षिणेचा वारा सुटला होता, रस्त्यावरची माणसं तिरकी चालत होती. मी बेकरीत जाऊन चीजचे रोल घेतले, मर्डोला आवडतात म्हणून, आणि पिशवी हातात घेतल्यावर एकदम लक्षात आलं की घरी कपाटात सशांसाठीची छोटी टू-टू रायफल आहे. आणि सकाळपासून तो एकटा आहे, किल्ली पट्ट्याला.

टामाटीने रायफल कापडात गुंडाळून दिली आणि तळहातावर कापलेला तुकडा ठेवला. अंगठीसारखा गोल, पण जाड आणि जड, तेलाने निसरडा. "ठेवा," तो म्हणाला, "नाहीतर काका म्हणतील मी उगाच कापली." मी तो कोटाच्या खिशात टाकला. गाडी चालवताना एक हात सारखा खिशात जात होता. अंगठा आतून फिरवला की पिळाच्या कडा एकामागून एक लागायच्या, बारीक, धारदार, आणि मग एके ठिकाणी अंगठा घसरायचा. ब्लफ बंदराच्या धक्क्यावरच्या लोखंडी खुंटांना बोटींच्या दोरांनी खाचा पडल्या आहेत, लहानपणी मी त्यांत बोटं घालून बसायची, पण त्यांना शंभर वर्षं लागली असतील. मला वाटेतले सिग्नल आठवत नाहीत. आठवतं ते एवढंच, की मी मनातल्या मनात भांडत होते. तू मला सांगितलं का नाहीस. वर्षभर मी स्वतःला आंधळी म्हणत होते आणि तू वय झालं आपलं म्हणून मोकळा झालास. त्या मुक्या जनावराचं पोट फाटलं ते माझ्या नावावर गेलं. आणि मग भांडण मधेच तुटायचं, कारण पुढच्या वळणावर मला गोळीचा एक आवाज ऐकू यायचा, जो आला नव्हता, आणि मी गाडी आणखी जोरात हाणायची.

स्वयंपाकघरात तो नव्हता. किटली थंड होती. दोन कप भरलेले होते, दोन्ही न प्यायलेले, तिसरा हातात घेऊन कुठेतरी ठेवलेला असणार. मी हाक मारली नाही. हाक मारायची मला भीती वाटली, कारण उत्तर आलं नसतं तर पुढे काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. शेडचं दार अर्धं उघडं होतं. मी मागच्या अंगणातून चालत गेले तेव्हा वाऱ्याने कोटाची टोकं पायात येत होती आणि मी ती सोडवत बसले होते, जणू तेच काम होतं. मग वास आला, अमोनियाचा, आणि मला, लाज वाटते सांगायला, भूक लागली.

तो बाकावर बसला होता. मांडीत टू-टू, बोल्ट काढून बाजूला ठेवलेला, तेवढं त्याच्या हाताला अजून ठाऊक होतं. पायाशी पांढऱ्या चिंध्यांचा ढीग. दोरी जमिनीवरून त्या राखाडी भुकटीतून फरफटत वर येत होती आणि नळीत जात होती. "आलीस? मोठी कुठे नेलीस?" तो म्हणाला. "मी म्हटलं पुसून ठेवतो, तर जागेवर नाही." टामाटीकडे नेली होती, मी म्हटलं. मी ठरवलं होतं, शांतपणे बोलायचं, आधी चहा करायचा, मग हळूहळू. पण माझा हात खिशात होता आणि अंगठा त्या घसरगुंडीत होता, आणि मी तो तुकडा काढून त्याच्यापुढे धरला. "हे बघ," मी म्हटलं. "काय झालंय सांग."

त्याने तो घेतला. चष्मा कपाळावर सरकवला, तुकडा दाराच्या उजेडाकडे धरला, डोळ्यापाशी नेला, फिरवला. मी त्याला वर्षभरात इतका जागा बघितला नव्हता. बारीकसारीक रेषा चेहऱ्यावर गोळा झाल्या, ओठ पुढे आले. कारखान्यात पोरगा बोथट सुरी घेऊन आला की असाच बघायचा. करंगळी आत घालून त्याने खाच चाचपली आणि तोंडाने च्च केलं. "थ्री-नॉट-थ्री आहे. आणि चांगली नळी होती. दोरीने मारली कुणीतरी. ओढायची अक्कल नाही, आणि दोरीला वाळू. आंधळी केली की गं बंदूक." त्याने मान हलवली. "याने काय मारलं असेल याने? जनावरं अर्धमेली करून सोडली असतील."

"एक सोडली," मी म्हटलं.

"ओळखीतला आहे?"

"हो."

"मग किल्ली काढून घे त्याची. अशा माणसाच्या हातात बंदूक देऊ नये. राग येईल, येऊ दे." मग त्याचा आवाज खाली आला. "किंवा असं कर. तू नको सांगूस, त्याला लागेल. मी सांगतो. मी नीट सांगेन त्याला."

तो मला समजावून सांगायला लागला होता, बघ, कशी ओढायची असते. टू-टूची दोरी त्याने हातात घेतली, आत चिंधी होतीच. "सरळ," तो म्हणाला, "नळीच्या रेषेत, अशी," आणि त्याने ओढली, आणि त्याचा हात उजव्या कमरेकडे गेला. दोरी तोंडाच्या कडेला घासून बाहेर आली, करकर वाजली. तो थांबला. पुन्हा आत वजन सोडलं, पुन्हा ओढली, या वेळी हळू, आणि आपल्याच हाताकडे बघत. हात पुन्हा कमरेकडे गेला. खांदा दुखतो त्याचा, गेल्या वर्षीपासून, समोर सरळ जातच नाही. त्याने डाव्या हातातला तुकडा टू-टूच्या तोंडाशी नेला, खाच दोरीच्या बाजूला येईल असा फिरवला आणि जुळवला. जुळली. मी इतक्या जवळ उभी होते की मला त्याचा श्वास बदललेला ऐकू आला. माझ्या मनातलं भांडण कुठल्या कुठे गेलं, मला फक्त तो तुकडा त्याच्या हातातून हिसकावून घ्यावासा वाटत होता. टामाटीला देऊन यावासा वाटत होता, की चिकटव परत.

"मादी होती ना ती," मर्डो म्हणाला. "ओढ्यापाशी."

"हो."

"आणि तू म्हणालीस, माझेच डोळे गेले. रडलीस." मी त्याच्यासमोर कधी रडले नव्हते, न्हाणीघरात, नळ सोडून रडले होते. म्हणजे त्याला ते ऐकू यायचं. म्हणजे एवढं त्याच्या लक्षात राहिलं होतं. त्याने दोरी मांडीवर ठेवली, पट्ट्याला हात घातला, बराच वेळ लागला त्याला, कडी निघेना, पण मी मदत केली नाही, मदत करायची नसते हे कळण्याइतकी मी त्याची बायको होते. किल्ली निघाली. ती त्याने तुकड्याच्या भोकातून ओवल्यासारखी घातली आणि दोन्ही मिळून माझ्या तळहातावर ठेवलं, आणि माझी बोटं मिटवली. त्याचे हात औषधाने थंड होते. "चहा ठेव," तो म्हणाला. "येतो मी."

मी टू-टू आणि बोल्ट उचलले, घरात आणले, गाडीतली मोठी आणली, दोन्ही बंदुका कपाटात ठेवून कुलूप लावलं. मग किटली ठेवली, भरलेले कप ओतून टाकले, रोल तव्यावर गरम केले. हात व्यवस्थित चालत होते. खिडकीतून शेड दिसत होतं. तो दारात उभा राहून अंगणाकडे, कुंपणाकडे, त्यापलीकडच्या ढगांकडे बघत होता, डोंगर ज्या दिशेला आहेत तिकडे. कान देऊन उभा असल्यासारखा. इथून हरणांचं ओरडणं ऐकू येत नाही, पण दर वर्षी या दिवसांत तो तसा उभा राहतो. मग तो आत आला, हात धुतले, टेबलापाशी बसला, रोल उचलून त्याचा वितळलेला भाग आधी खाल्ला. चांगले आहेत म्हणाला. कुठून आणलेस? मी सांगितलं. त्याने कप उचलला, खाली ठेवला, आणि त्याचा हात पट्ट्याकडे गेला. कडी चाचपली. पुन्हा चाचपली. चेहऱ्यावर हळूहळू ती घाबरलेली घाई यायला लागली, जी मी वर्षभर बघत होते आणि जिला मी वेगवेगळी नावं दिली होती.

"आयल्सा, माझी किल्ली?"

तुकडा माझ्या एप्रनच्या खिशात होता. तो काढून त्याच्या हातात द्यायचा अवकाश होता. त्याने तो पुन्हा उजेडाकडे धरला असता, पुन्हा च्च केलं असतं, पुन्हा त्या माणसाला शिव्या घातल्या असत्या, आणि पुन्हा हळूहळू त्याच जागी येऊन पोचला असता. मघाशी किल्ली त्याने स्वतः दिली होती, ताठ मानेने दिली होती, आणि ते त्याच्याकडे उरलं नव्हतं. ते आता माझ्या एकटीकडे होतं.

"टामाटीकडे राहिली," मी म्हटलं. "रायफलीबरोबर. तो नळीचं तोंड नवं करून देतोय."

"असं होय." त्याने सुस्कारा सोडला, कप पुन्हा उचलला. "चांगला मुलगा आहे. मी शिकवलाय त्याला." मग थोड्या वेळाने, खिडकीबाहेर बघत, "एप्रिलात जाऊ ना आपण? तू मार, मी दुर्बीण धरतो."

जाऊ, मी म्हटलं. खिशात अंगठा पिळाच्या कडांवरून फिरत फिरत घसरत्या जागी आला आणि तिथेच राहिला. मर्डोने दुसरा रोल उचलला आणि मला विचारलं की हे कुठून आणलेस, आणि मी त्याला सांगितलं.